स्पेअर राजाचं पद

माझी नात मिताली नेहरू नगरात कोचिंगले जाते. परवा जुने फोटो पाहता पाहता विचारते, "आजी, दादाजी नाटक में हीरो थे क्या?" मी म्हटलं, "हिरो कायचे! स्पेअर होते." तर पोट्टी हसतच सुटली. मले असा राग आला! तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला, समोर बसवलं अन् सगळं सांगितलं.

भिलाई-३ ले रुळाच्या पल्याड आमचा नाटकाचा हॉल होता. टिनाचं छप्पर, लाकडी स्टेज अन् एक पायपेटी. नागपूरकडून रेल्वेत आलेल्या मराठी लोकायनं तो उभा केला होता. बाहेरून गोदाम वाटे, पण आत संगीत नाटक सुरू झालं की घरदार आठवत नसे, बापा! आता तिथं रूळ आहेत. जाता-येता मी तिकडं पाहतच नाही.

नाटक रविवारी दुपारी होई. नट सगळे रेल्वेचे, कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड. अन् नाटक आहे म्हणून मालगाडी थोडीच थांबते! म्हणून आमच्या हॉलची एक रीत होती. कोणाची ड्युटी निघाली की बोलवायले कॉलमन येई, दयाराम नावाचा. तो विंगेत येऊन उभा राही. तो दिसला की नट असन तिथं थांबे, पगडी काढून विंगेत देई अन् गाडीवर जाई. मंग त्याचा स्पेअर तीच पगडी घालून त्याच शब्दापासून पुढं सुरू करे. लोकायले त्याचं काही वाटत नसे. जाणाऱ्याले टाळ्या, येणाऱ्यालेही टाळ्या.

हिरो होता देवेंद्र ड्रायव्हर. दिसायले देखणा, गळा गोड, अन् हे सगळं त्याले चांगलं माहीत होतं. त्याचे स्पेअर म्हणजे आमचे हे, कृष्णराव. यार्डात पॉइंट्समन होते, गाड्यायचे रूळ बदलून देत.

यायले सगळी नाटकं तोंडपाठ. आंघोळ करता करता पदं, भाजी निवडता निवडता पदं. पण स्टेजवर वाट्याले काय येई? कधी अर्धं पद, कधी पाव. एकदा तर नुसती शेवटची तान! मी चिडून म्हणे, "उष्टं गाता तुमी." तर म्हणत, "हिरा, एकदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक पद गायचं आहे मले. बस. मंग पगडीले हात नाही लावणार." एवढीच हौस होती त्या माणसाची.

छत्तीसगढ राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी नव्या लाइनीसाठी हॉल पाडायचं ठरलं. शेवटचं नाटक बसवायचं होतं, तेव्हा देवेंद्र स्वतः घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, यावेळी राजा कृष्णराव होतीन. स्पेअर मी." मी त्याच्यासमोरच रडली. यायनं सुट्टी टाकली, ते मंजूरही झाली.

मी सासूबाईसंग पहिल्या रांगेत बसली होती. पहिला अंक छान झाला, दुसरा त्याहून छान. तिसऱ्या अंकात ते मोठं पद आलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, अन् विंगेत पाहते तर दयाराम! यायनंही त्याले पाहिलं. गाणं थांबलं. पगडी काढून देवेंद्रच्या हाती दिली अन् मागच्या दारानं, राजाच्या कपड्यातच, तडक यार्डात गेले.

इकडं दयाराम कपाळावर हात मारून बोंबलला, "अरे बावा, मी तर गाणं आयकाले आलो होतो!" शेवटचं पद आहे, एकदा नीट आयकावं म्हणून बिचारा आला, अन् सवयीनं रोजच्या जागी उभा राहिला. मले तर वाटलं, ते पायपेटी उचलून याच्या टाळक्यात घालावी! तो तसाच यायच्या मागं पळत सुटला.

लोक ओरडले, "देवेंद्र, घाल पगडी!" देवेंद्र पगडी मांडीवर घेऊन बसून राहिला. "नाही घालत," म्हणे. "पद त्याचं आहे." मंग कोणीच उठलं नाही. सगळे वाट पाहत बसले.

हे घामेघूम होऊन परत आले. यार्डातल्या लोकायनं हसून वापस पाठवलं होतं. सगळा हॉल म्हणून राहिला, "पहिल्यापासून होऊ द्या!" पण यायले ते आयकूच गेलं नाही. पगडी घातली अन् सोडलं होतं त्याच शब्दापासून उचललं. जन्मभर मधूनच सुरू करत आले, दुसरं काय सुचन? शेवटची तान झाली, टाळ्या पडल्या, अन् हे हात जोडून पगडी काढायले लागले.

माझा जीव तुटला. म्हणजे आजही अर्धंच?

आमच्या घरच्या बाया हॉलमध्ये टाळीही वाजवत नसत. बाजूले सासूबाई, मागं सगळी कॉलनी. मी म्हटलं, लाज गेली चुलीत. उठली अन् होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "वन्स मोअर!"

हे माझ्याकडे पाहतच राहिले. मंग पायपेटीवाल्याले खूण केली अन् पहिली ओळ धरली. शेवटची ओळ होईपर्यंत मी खाली बसली नाही.