सूर्याच्या वाऱ्याची वही

आभाळ भरून आलं की तोंड पाडून बसणारा माणूस साऱ्या दुष्काळी माण तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. पलटणीत बिनतारी यंत्रावर होता. चौसष्ट साली सुटून आला तो एक दुर्बीण आणि एक वेड घेऊन. म्हणे सूर्यालाही वारं सुटतं! रोज बाराला दुर्बिणीतून सूर्याचा कवडसा वहीवर पाडायचा आणि त्यातले काळे डाग पेन्सिलीनं टिपायचा. स्वतःच्या लग्नातही बाराला उठला; भटजी बिचारा मंगलाष्टकं लांबवत राहिला.

मी म्हणायचो, "पाव्हणं, आमच्या अंगाला कसं लागत न्हाई वो ते वारं?"

"लय इरळ असतंय, दाजी. पर शेपटीच्या ताऱ्याला लागतं. त्याची शेपटी बघा, कायम सूर्यापासनं लांब उडती. डाग कमी असले की वारं मेंढक्यावाणी ठरल्या वाटंनं येतं, सत्तावीस दिसांनी तोच झोत परत. डाग वाढले की उधळल्या बैलावाणी. कवा येईल नेम न्हाई."

हे चक्र अकरा वर्षांचं. ढगाचे दिवस सोडले तर एकही खाडा न करता ते सबंध वहीत उतरवायचं, एवढा एकच ध्यास त्याला. आक्का म्हणजे माझी बायको त्याला हसायची, पण वहीला कागद तीच शिवून द्यायची.

एकोणसत्तरात डाग भरात आले आणि ती बाळंतपणात अडली. माझा पाय मोडलेला, मी खाटेवर. मेव्हण्यानं तिला ट्रकात घालून सांगलीला नेलं. जाताना वही, दुर्बीण माझ्यापुढं टाकली आणि वळूनही बघितलं नाही.

मला काय कळतंय त्यातलं? पण त्याचा खाडा पडू द्यायचा नाही म्हणून नऊ दिवस ठिपके काढले. अंदाजानं, छान ओळीत.

दहाव्या दिवशी तो आला. वही बघून खो खो हसला. "दाजी, शाळू पेरलाय व्हय? डाग रोज सरकत्यात, तुमचं जाग्यावरच!" मग शाईनं नऊही पानांवर 'खाडा' लिहिलं.

"खोडून नवं काढा की. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

मी वहीकडंच बघत बसलो. पाच वर्षं पाण्यात. तोच ओरडला, "आवं, वही काय बघताय? आक्का दारात हुबी हाय, लेकरू घ्या!"

आक्का ह्या माघात गेली. मेव्हणा आटपाडीला लेकाकडं असतो, नजर गेली त्याची. सांजच्याला फोन करतो. "दाजी, जेवला का?" जेवलो म्हणतो. मग दोघांपैकी कुणीच फोन ठेवत नाही.