करवंदीच्या जाळीत गेलेला चेंडू

पांडू कर्जतला माझ्या दाराशी आला तेव्हा मी दाढी करत होतो. खालापूरकडच्या ठाकरवाडीतून पहाटेच निघून तो चालत आला होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पाणी पुढे केलं, तेही घेतलं नाही... "भाऊ, गोमा गेला," एवढंच म्हणाला. हिवतापाचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. गोमाच्या काठ्यांची पिशवी वर्षानुवर्षं खांद्यावर वाहणारा हा त्याचा चुलतभाऊ रडत नव्हता, आणि मलाही रडू येईना. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आली ती भीती. वाटलं, ती गोष्ट ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो. मी बोललो नाही, तर ती माझ्याबरोबरच जाईल.

गोमाचं नाव या पुरवणीच्या वाचकांनी बहुधा ऐकलेलं नसेल. खोपोलीच्या खालच्या अंगाला साहेबलोकांचा गोल्फचा क्लब होता, तिथे मी कारकून होतो. काठीनं चेंडू मारत मारत दूरच्या भोकात घालायचा, कमी फटक्यांत घालील त्यानं ते भोक जिंकलं, असा तो खेळ. आमच्याकडे साहेबांच्या देशासारखी हिरवळ कुठली? भोकाभोवती तेल पाजलेली वाळू पसरून तिच्यावर रूळ फिरवलेला असे. गोमा मुळात तो रूळ ओढायला लागला होता. बघता बघता शिकला, आणि पुढे क्लबानं त्याला पगारी खेळाडू म्हणून ठेवून घेतला. साहेबांना शिकवायचं, पाहुण्यांशी खेळायचं, पुण्या-मुंबईला क्लबाचं नाव राखायचं, हे त्याचं काम. मी विलायती मासिकांतून तिकडच्या नामांकित खेळाडूंची वर्णनं त्याला वाचून दाखवी. तो उकिडवा बसून ऐके आणि मध्येच विचारी, "वारा कुठून होता, ते लिवलंय का?" ते कधीच लिहिलेलं नसे. मग तो नुसता हसे.

आता हे लिहायला बसण्याचं कारण. तो गेल्यानंतर मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात या देशातल्या आजवरच्या थोर गोल्फ खेळाडूंविषयी बराच पत्रव्यवहार झाला. गोमाचं नाव एकाच साहेबानं काढलं, आणि तेही बाजूला सारण्यासाठी. हात सोन्याचे, पण काळीज सशाचं, असा त्याचा आशय होता. कलकत्त्याच्या खेळाडूशी झालेल्या सामन्याचा दाखला त्यानं दिला होता. त्या सामन्याला मी हजर होतो. नुसता हजर नव्हतो...

त्या हिवाळ्यात आमच्या भागात बिबट्या माणसांवर उठला होता. आधी लोधिवलीकडे एक गुराखी गेला. मग गोमाची वहिनी. सरपणाला पाच बायका गेल्या होत्या, बोलत बोलत परतल्या, आणि वाडीजवळ आल्यावर कळलं की आपण चौघीच आहोत. कुणी काही पाहिलं नव्हतं, साधी किंकाळीसुद्धा ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती सापडली, ती गोमालाच. त्यानंतर दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. मी घरी जाताना हातातला कंदील उगाचच खुळखुळवत जाई आणि मागं वळून पाहायचं मात्र टाळी. पाहिलं आणि खरंच काही असलं तर काय करायचं, हे ठाऊक नव्हतं.

अशातच कलकत्त्याचा तो नामांकित खेळाडू आमच्याकडे सामन्याला आला. क्लबाच्या सेक्रेटरी साहेबानं आम्हा नोकरांना बोलावून बजावलं की पाहुण्यांसमोर बिबट्याचा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं दुसरी नोकरी शोधावी. सामना पाहायला अख्खी वाडी लोटली होती. लुगडी खोचलेल्या बाया, म्हातारे, सगळे. सतरा भोकं झाली तेव्हा दोघं बरोबरीत होते. शेवटचं भोक ओढ्यालगत, आणि ओढ्याच्या काठानं करवंदीची दाट जाळी. चेंडू कुठे पडतो ते पाहायला मी पुढे जाऊन उभा होतो. गोमाचा फटका लांब गेला, पण जमिनीवर आपटून उजवीकडे वळला आणि जाळीत शिरला. तो शिरला तिथंच आत काहीतरी हललं. पिवळट, ठिपक्याठिपक्यांचं. क्षणभरच.

कसाबसा धावत मी गोमाकडे गेलो आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "गोमा, जाळीत जनावर आहे."

"तुमी बघितलं?"

"हो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जाळीकडे. वाडीची माणसं चेंडू शोधायला केव्हाच धावली होती, पांडू सगळ्यांच्या पुढं. चेंडू पाच मिनिटांत सापडला नाही तर भोक गेलं, म्हणजे सामना गेला, हे आता त्यांनाही माहीत झालं होतं. गोमा असा ओरडला की मी त्याचा तो आवाज त्यापूर्वी ऐकला नव्हता. "मागं फिरा! कुनी आत जायाचं नाय! पांडू, मागं ये रं!" माणसं थबकली. पंच साहेब घड्याळ हातात धरून पुढे आला आणि त्यानं विचारलं, काय झालं, चेंडू का शोधत नाही? गोमानं मान खाली घातली. म्हणाला, "मला भ्या वाटतं, साहेब."

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. साहेबाची भाषा मला येत होती. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं... सेक्रेटरी साहेब माझ्याकडेच बघत होता. मी हातातल्या, फटके मांडायच्या कार्डाकडे पाहत राहिलो. पाच मिनिटं इतकी लांब असतात हे मला तेव्हा कळलं. वाडीतली एक म्हातारी तोंडावर पदर धरून काहीतरी पुटपुटत होती. मग पंचानं घड्याळ मिटलं, आणि कलकत्त्याच्या खेळाडूनं गोमाचा हात हातात घेतला.

गोमा कशाला भ्याला ते सेक्रेटरी साहेबानं ताडलं असावं; दुसऱ्या दिवशी बंदुका घेऊन साहेबांनी ओढा पालथा घातला. काही निघालं नाही. ठसेही मिळाले नाहीत, कारण काठ सगळा खडकाचा. चेंडू मात्र मिळाला, जाळीच्या तोंडाशी, अगदी मारता येण्याजोगा. साहेब मंडळी खूप हसली. त्या दिवसापासून गोमाला क्लबात एक टोपणनाव पडलं, ते मी इथे लिहिणार नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सामन्यांना पुढे त्याला फारसं पाठवलंच नाही. उन्हाळ्यात चौक गावाच्या पलीकडे एक बिबट्या मारला गेला. तोच का, त्या दिवशी जाळीत तोच होता का, की पानांतून पडलेल्या कवडशांनाच मी भ्यालो, हे मला आजही सांगता येत नाही.

महिन्याभरानं मी गोमाला म्हणालो, "मी सांगतो साहेबांना. मीच तुला सांगितलं होतं म्हणून."

"कशाला? तुमची नोकरी जाईल. माझी नाय जायाची."

"पण गोमा, मला नुसता भास झाला असेल तर?"

तो काठीच्या मुठीचं चामडं आवळत होता. हात थांबवून म्हणाला, "भाऊ, वैनीच्या येळेला तर कुनालाच काय दिसलं नव्हतं."

आणि पुढे इतकी वर्षं मी बोललोही नाही. नोकरी टिकली, बढती मिळाली, कर्जतला घर झालं.

तेव्हा तो थोरांच्या पंगतीत बसतो की नाही? मी हिशेबानं सांगतो. समुद्रापलीकडे तो कधी गेला नाही, म्हणून तिथे जाऊन जिंकलेल्यांच्या वर त्याला बसवणं खोटं ठरेल. लांबचा फटका त्याच्याहून जोरकस मारणारे मी पाहिले. पण भोकापासून शंभर पावलांच्या आत, वाऱ्यात, त्या तेलकट वाळूवर त्याच्यासारखा हात मी पाहिला नाही, आणि त्या दिवशी त्याला हरवणारा कलकत्त्याचा खेळाडूही जाता जाता मला हेच सांगून गेला. त्याला पंगतीत जागा आहे. काळजाबद्दल ज्या साहेबानं लिहिलं त्यानं ते माझ्याबद्दल लिहावं, माझी हरकत नाही.

परवा वाडीवर जाऊन आलो. गोमाची बायको चांगुणा ओसरीवर होती. थोडं बोलणं झालं, आणि उन्हं कलली तशी ती उठली. म्हणाली, "बसा भाऊ, मी जरा दगडावर जाऊन येते." वाडीच्या वरच्या अंगाला एक सपाट धोंडा आहे. मीही मागोमाग गेलो. तिथून रानातली पायवाट दिसते. तिनं सांगितलं की क्लबातून आला की तो रोज इथं येऊन बसायचा. रानात किती बाया गेल्यात ते सकाळीच विचारून ठेवायचा आणि सगळ्या परत येईपर्यंत उठायचा नाही. पाऊस असो, ताप असो. शेवटच्या दुखण्यातही दोन दिवस त्याला धरून आणावं लागलं.

"आज किती गेल्यात?" मी विचारलं.

"सात."

मोळ्या डोक्यावर घेतलेल्या बाया झाडीतून एकेक बाहेर येऊ लागल्या. चांगुणा ओठांतल्या ओठांत मोजत होती. मीही मोजत होतो. सहा आल्या. पायवाट पुन्हा रिकामी झाली. उठून पळावंसं वाटलं, पण उठलो नाही. बऱ्याच वेळानं वळणावर एक मोळी हलली आणि सातवी, पायातला काटा काढत मागे राहिलेली, लंगडत लंगडत वर आली.

"आली," चांगुणा म्हणाली, आणि मग आम्ही दोघं उठलो.