आधी नवरा, मग पिशवी

दवाखान्यात कापूस संपतो, औषधं संपतात, उन्हाळ्यात तर नळाचं पाणीही संपतं. किस्से मात्र संपत नाहीत! मी आष्टीला आमच्या बाईंकडे वीस-बावीस वर्षं सिस्टर होते. बाई म्हणजे बायकांच्या डॉक्टर, त्यातही मूल होत नसलेल्यांच्या खास. आता मैत्रिणी जमल्या की "सुशीला, सांग ना गं एखादा" हे सुरू होतं, आणि एक सांगायला गेलं की मागून दहा येतात. नावं बदलून सांगते. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले, घरात केबल आली, त्या दिवसांतले हे.

*

बाईंचा एक कायदा होता. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला नवऱ्याशिवाय तपासायचं नाही, आणि पहिली तपासणी नवऱ्याची. भिंतीवर पाटीच लावली होती, "आधी नवरा". सगळा बाजार त्या पाटीला हसायचा.

एकदा एक पुढारी जीपमधून दोन बायका घेऊन उतरले. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाले, "बाई, दोघीत खोट कोनात हाय तेवढं सांगा. म्हंजी तिसरीचं बघायला बरं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दादा, बायको बदलली तरी मूल नाही. मग जे बदललं नाही ते आधी तपासू. सिस्टर, साहेबांना बाटली द्या!"

साहेब जे उठले ते थेट जीपमध्ये. थोरली जाता जाता माझ्या कानाशी आली. "मला वाचता येत न्हाई सिस्टर, पर तुमची पाटी लई झ्याक हाय!"

आठ दिवसांनी भर मे महिन्यात तोंडाला मफलर गुंडाळून एक गृहस्थ मागच्या दारानं आले. एसटीनं आले होते. "सिस्टर, ती बाटली हाय का अजून?" मी लगेच काढून दिली.

*

नवीन सोनोग्राफीचं मशीन आलं. त्याला लघवी तुंबलेली लागते, म्हणून मी प्रत्येकीला बजावायची, "घरनं दोन तांबे पाणी पिऊन या."

कोरड्या भागातली एक पेशंट तीनदा आली, तिन्ही वेळा पोटात पाण्याचा थेंब नाही! बाई भडकल्या. "पाणी का पीत नाहीस गं?"

"काय करू बाई? टँकर येतो बुधवारी, आन तुमी बोलावता मंगळवारी!"

त्या बाजूच्या सगळ्या गावांची सोनोग्राफी तेव्हापासून गुरुवारी व्हायला लागली.

*

आता कडा गावच्या गयाबाई. मुलाचं कापडाचं दुकान, घरात शब्द मात्र गयाबाईंचा. सून महानंदाला पुढं घालून आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सहा वरसं झाली. परळीला नवस झाले, बुवा झाले. आता दुसरी पोरगी बघून ठेवलीया. हिला लेकरू व्हनार न्हाई एवढी चिठ्ठी द्या, हिला माहेरी धाडते."

महानंदा खाली बघत होती. कपाळावर अंगाऱ्याचं बोट होतं.

बाई म्हणाल्या, "चिठ्ठी देईन. पण आधी मुलाला आणा."

"त्याला कशाला? तो तर गडीमानूस हाय!"

बाईंनी नुसतं पाटीकडं बोट केलं. पुढच्या बाजारच्या दिवशी मुलगा वैजनाथ हजर झाला, बाटली घेऊन आत गेला. त्याचं सगळं ठीक निघालं. मला तर वाईटच वाटलं.

*

मध्येच एक आठवला, सांगून टाकते. एका सुनेला बाईंनी थर्मामीटर आणि तक्ता दिला. रोज उठल्याबरोबर तोंडात धरायचं आणि आकडा लिहायचा. मधेच अर्धा-एक अंश वाढला की समजायचं, बीज सुटलं. दोन महिन्यांनी तक्ता आला, तर साठच्या साठ दिवस एकच आकडा! मास्तरांनी आखल्यासारखी सरळ रेघ.

"हे कुणी लिहिलं?"

सासू अभिमानानं पुढं आली. "म्या लिवलं. दोन-तीनदा वाढला व्हता, तो खोडून टाकला. आमच्या घरात सुनंला ताप आलेला चालत न्हाई!"

*

महानंदाला बाईंनी एकटीलाच आत घेतलं. पाळीचं विचारल्यावर ती आधी दाराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कदीच आली न्हाई. माझी आई म्हणली, कुनाला बोलू नको, दर महिन्याला चार दिस बाहेर बसत जा."

आणि ही पोरगी सहा वर्षं न चुकता बाहेर बसत होती!

सोनोग्राफी झाली. नगरला दुर्बिणीतून बघून झालं. बीजकोश दोन्ही उत्तम, पण गर्भाची पिशवी जन्मापासून नाही. बाईंनी नवरा-बायकोला शेजारी बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं. त्यांना काही घाई नव्हती. बाहेर तीस पेशंट होते, तरी नव्हती.

महानंदानं चित्रातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"म्हंजी बिघाड न्हाई. वस्तूच न्हाई?"

"नाही."

"मंग सहा वरसं त्या बुवाचा अंगारा गेला कुठं?"

वैजनाथ फस्सकन हसला, आणि तिथंच रडायला लागला. मी पाणी आणायला गेले.

*

"सासूबाईंना सांगू का?" बाईंनी विचारलं. महानंदा म्हणाली, "सांगा. लपवून लपवून दमले मी."

गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत टिपूस नाही. बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मी मनात म्हटलं, आता शिव्या. आता पोरीच्या आईचा उद्धार.

"म्हंजी सहा वरसं," गयाबाई म्हणाल्या, "दर महिन्याला चार दिस, म्या चुलीपुढं उगाच मेले?"

*

चिठ्ठीचं त्या विसरल्या नव्हत्या. बाईंनी लिहिली, सही-शिक्का केला. गयाबाईंना वाचता येईना, म्हणून मीच वाचली. "सून धडधाकट आहे. गर्भाशय जन्मतः नाही. यात तिचा अथवा तिच्या आईचा काहीही गुन्हा नाही. या कारणावरून तिला माहेरी धाडू नये."

"अवो, ह्या चिठ्ठीवर दुसरी सोयरीक कशी व्हायची?"

"होऊ नये म्हणूनच तशी लिहिलीय," बाई म्हणाल्या.

*

वैजनाथ नगरचे कागद न्यायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, भावकी लई मागं लागलीय. म्या म्हणलं, लेकरू न्हाई झालं तर आमी दोघं हाव. दुसरी आनली तर तिघं व्हतो, आन एक जन जल्मभर कोपऱ्यात."

बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला. पाटीखालून गेलेल्या शेकडो नवऱ्यांपैकी चहा मिळालेला हा एकटाच! पण तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "पोरगा सोन्यासारखा आहे गं. पण महानंदाला घरात ठेवायचं की नाही, हे त्याची आई ठरवणार." दत्तकाचंही त्यांनी एकदा काढून पाहिलं होतं. गयाबाई मधेच उठून गेल्या होत्या.

मग दीड-दोन वर्षं कड्याहून काही कळलं नाही. बाई अधूनमधून विचारायच्या, "महानंदा आहे का गं तिथंच?" मला तरी कुठं माहीत!

*

एका सकाळी मी दवाखाना उघडायला गेले तर पायरीवर गयाबाई आणि महानंदा. सोबत वळकटी, ताट, तांब्या, बदलायची लुगडी. बाई आल्या आल्या गयाबाईंनी कमरेची पिशवी सोडून पेपरातलं कात्रण काढलं. वैजनाथनं दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलेलं. परदेशात कुठंतरी डॉक्टरांनी एका बाईची पिशवी काढून दुसरीला बसवली, अशी चार ओळींची बातमी.

"काढा माझी," गयाबाई म्हणाल्या, "आन लावा हिला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "गयाबाई, तुमची पिशवी आता म्हातारी झाली."

"म्हातारी कशानं? वैजनाथ हितंच वाढला की नऊ महिने. काय वाईट झाला का? त्याचं लेकरूबी हितंच वाढू द्या."

मी कापसाच्या डब्याकडं तोंड केलं. इतक्या वर्षांत पेशंटसमोर मी कधी रडले नव्हते.

"म्या नको नको म्हणत हुते बाई," महानंदा म्हणाली. "आत्याबाई ऐकतच न्हाईत."

बाई खुर्ची सोडून गयाबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या. समजावून सांगितलं, की तिकडंही ती पिशवी टिकली नाही, काही महिन्यांत काढावी लागली. आपल्याकडं, अगदी मुंबईलाही, अजून कुणी हे करत नाही. कधीतरी नक्की होईल, पण महानंदाच्या वेळेत होईल असं वाटत नाही.

गयाबाईंनी कात्रणाची घडी घातली. वळकटीकडं बघितलं.

"मंग आज आप्रेशन न्हाईच?"

"नाही."

"मंग आता खाऊ का? आप्रेशनला उपाशी लागतंय म्हणले लोक. काल सांजेपासनं दोघींच्या पोटात पान्याचा थेंब न्हाई."

बाईंनी स्वतःचा डबा मागवला. मी भाकरी-पिठलं गयाबाईंनी आणलेल्याच ताटात वाढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते ताट महानंदापुढं सरकवलं.

बाईंना राहवलं नाही. "आणि गयाबाई, ती दुसरी सोयरीक?"

"कोनची?" गयाबाई भाकरी मोडून सुनेच्या हातात देत म्हणाल्या. "आमच्या घरात सून येकच हाय. खा गं तू, बघत काय बसलीस!"