बाबांनी आणलेलं भांडी धुण्याचं यंत्र

आईचे हात बिघडले त्या वर्षी मी आठवीत होते. पनवेलच्या बाजारामागच्या एका आळीत आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे पडवी, मागे मोरी, आणि मोरीच्या पलीकडे शेजारच्या घरांसोबत सामाईक विहीर. घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ. काकाचं लग्न व्हायचं होतं. तो मिठाच्या वखारीवर कामाला होता आणि जेवायला-झोपायला आमच्याकडेच असे. बाबा भाताच्या गिरणीत फिटर होते.

आईच्या बोटांच्या बेचक्यांत आधी नुसती खाज होती. मग कातडी कोरडी पडून फाटायला लागली, आणि पावसाळा संपेपर्यंत दोन्ही हातांना मनगटापर्यंत इसब झालं. राखेने भांडी घासली की भेगांतून रक्त यायचं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, हात पाण्यात घालायचे नाहीत, राखेत तर मुळीच नाहीत. आईने मान डोलावली. घरी येताना वाटेत ती मला म्हणाली, की डॉक्टरांच्या घरी भांडी कोण घासतं ते विचारायला हवं होतं.

भांड्यांना बाई ठेवणं आम्हाला झेपण्यासारखं नव्हतं. आई बोटांना चिंध्या गुंडाळून कसाबसा स्वयंपाक करी. भांडी माझ्याकडे आली. त्याआधीही मी घासत होतेच, पण आईच्या हाताखाली. आता सगळीच माझी झाली. चुलीवरच्या भांड्यांच्या बुडाला काजळी धरते. ती काथ्याने आणि राखेने खरवडावी लागते. पितळी पातेल्यांना आतून कल्हई असते, तिथे जोर लावायचा नाही. बाहेरून मात्र चिंच लावून चकाकली पाहिजेत. सकाळी बाबा आणि काका जेवून कामाला जात. त्यांची ताटं, तपेली, कढई, तवा, परात असं सगळं मोरीत पडे. विहिरीचं पाणी ओढून ते उरकेपर्यंत शाळेची घंटा होऊन गेलेली असायची. पहिले काही दिवस मी उशिरा गेले. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. मग मी अधूनमधून शाळा बुडवायलाच लागले.

एकदा जेवताना आई म्हणाली, "यंदा राहू दे तिची शाळा. पुढच्या वर्षी बघू."

आमच्या आळीतल्या ज्या मुलींची शाळा पुढच्या वर्षावर गेली होती, त्या सगळ्या आता सासरी होत्या. बाबांनी भात कालवला आणि ते खाली बघून जेवले.

बाबांचा यंत्रांवर फार विश्वास. आळीतले सगळे स्टोव्ह त्यांच्या हातून दुरुस्त होऊन गेले होते. कोणाची इस्त्री तापेनाशी झाली, कोणाचा रेडिओ खरखरायला लागला की ते आमच्या पडवीत येऊन पडे. ते म्हणत, यंत्र उघडून बघितलं की ते आपण होऊन सगळं सांगतं, माणसासारखं लपवून ठेवत नाही.

दिवाळीनंतर ते गिरणीसाठी पट्टे आणायला मुंबईला गेले आणि गिरणीच्या ट्रकमधून परतले ते गोणपाटात गुंडाळलेली एक मोठी वस्तू घेऊन. काकाने आणि त्यांनी ती धरून पडवीत उतरवली. आत पांढऱ्या मुलाम्याचं एक गोल पिंप होतं, चार पायांवर उभं, वर झाकण. आत तारेची टोपली. तळाशी पंख्यासारखं एक चक्र आणि खाली तोटी. बाबा म्हणाले, हे भांडी धुण्याचं यंत्र आहे. कोणी गोरा साहेब देश सोडून गेला, त्याच्या घरातल्या सामानाचा लिलाव चालला होता, तिथे त्यांना ते दिसलं. वरून गरम पाणी ओतायचं, भांडी लावायची, बटण दाबायचं. चक्र पाणी उडवतं, भांडी धुऊन निघतात.

"म्हणजे हिची शाळा होईल," ते आईला म्हणाले.

आईने पिंपात डोकावून पाहिलं. तिने विचारलं, यात परात कशी मावणार. परात मावत नव्हतीच.

आमच्याकडे वीज येऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. स्वयंपाकघरात एक दिवा आणि पडवीत एक दिवा, एवढीच ती होती. बाबांनी त्या यंत्रासाठी मोरीजवळ वेगळी तार ओढली, मोटर उघडून साफ केली, तेल घातलं. रविवारी सकाळी सगळी आळी पाहायला आली. मी ताटं, वाट्या, पेले टोपलीत रचले, बंबातलं कढत पाणी ओतलं, बाबांनी कपडे धुण्याचा साबण किसून टाकला आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं. थोड्याच वेळात झाकणाच्या कडेने फेस बाहेर यायला लागला. तो पायांवरून उतरून पडवीत पसरला. मुलं त्यात नाचली. झाकण उघडलं तर वाट्यांत गढूळ पाणी भरलेलं आणि ताटांवर आमटीची डाळ जशीच्या तशी.

पण बाबा खचले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. पुढचे काही आठवडे ते यंत्र कसं वापरायचं हे आम्ही दोघांनी शोधून काढलं. साबणाचा फेस झाला की चक्राचा जोर जातो, म्हणून साबण नाही, धुण्याचा सोडा घालायचा. वाट्या आणि पेले पालथे ठेवायचे. ताटं एकावर एक नाही, तर तिरकी, तोंडं मधल्या चक्राकडे करून, मध्ये बोटभर जागा सोडून लावायची, नाहीतर पाणी एकालाच लागतं आणि मागची कोरडी राहतात. उष्टं आधी काढून टाकायचं, कारण भाताची शितं तळाच्या जाळीत अडकली की पाणी उतरत नाही. पाणी हाताला सोसेल इतकं कोमट असून चालत नाही, चांगलं कढत हवं, तरच तेल सुटतं. सोड्याचं पाणी सोडून दिलं की नुसत्या पाण्याने पुन्हा एकदा फिरवायचं. आणि आठवड्यातून एकदा टोपली, जाळी, चक्र सगळं काढून धुवायचं, नाहीतर पिंपालाच वास मारतो.

वासाचं आम्हाला आळीत येणाऱ्या कोळणीकडून कळलं. ती करंजाहून सुकी मासळी घेऊन यायची आणि आमच्या पडवीत टोपली टेकून पाणी मागायची. मी यंत्रातून काढलेल्या तांब्यातून तिला पाणी दिलं. आदल्या दिवशी आमच्याकडे बोंबलाचं कालवण झालं होतं. तिने घोट घेतला, तांब्या नाकाशी धरला.

"बोंबलाचा वास नाय गेला बाय," ती म्हणाली. "मग धुतलंस काय?"

मी तांब्या परत घेऊन राखेने घासला.

सोड्याने आणखी एक झालं. ॲल्युमिनियमची ताटं काळवंडली. हाताला लागेल असा काळा पापुद्रा त्यांच्यावर धरला. पितळ फिकट पडलं. ते यंत्र चिनी मातीच्या बशांसाठी बनवलेलं होतं आणि आमच्या घरात चिनी मातीच्या कपबशा तेवढ्या होत्या, त्याही पाहुणे आले तरच खाली निघत. काजळी धरलेली पातेली, कढई, तवा, परात हे सगळं तर त्यात जातच नव्हतं. ते पहिल्यासारखंच मोरीत बसून घासायचं होतं.

आणि पाणी. मोरीत बसून घासताना जेवढं पाणी लागे, त्याच्या कितीतरी पट जास्त यंत्राला लागायचं. ते सगळं विहिरीतून ओढायचं, बंबात तापवायचं, बंबाला लाकडं फोडायची, बादलीने उचलून पिंपात ओतायचं. माझे खांदे रात्रंदिवस दुखत. पोहऱ्याचा दोर ओढून तळहातांना घट्टे पडले. शाळा आधी दोन-तीन दिवसांआड बुडत होती, आता सलग बुडायला लागली. बाबांना ते दिसत नव्हतं असं नाही, पण यंत्र सुरू झालं आहे आणि सुधारतं आहे, यातच ते गुंतले होते. संध्याकाळी गिरणीतून आले की आधी यंत्राकडे जायचे.

एका संध्याकाळी ते जाळीचं भोक मोठं करत बसले होते. मी विहिरीवरून बादली आणून त्यांच्याजवळ टेकवली आणि तिथेच खाली बसले. उठवत नव्हतं. मी रागावले नव्हते, मला नुसता थकवा आला होता.

मी म्हटलं, "बाबा, पाणी मी ओढते. तापवतेही मीच. उष्टं मी काढते, भांडी मी लावते, पुन्हा मीच पुसते. मग हे काय करतं?"

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, उद्यापासून तू काही करायचं नाहीस, मी करून बघतो.

मला वाटलं, बोलले असतील. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी विहिरीच्या रहाटाचा आवाज आला, पाणी बाबा ओढत होते. त्यांनी पाणी भरलं, बंब पेटवला, स्वयंपाक होईपर्यंत आदल्या रात्रीची भांडी यंत्रात लावली. चुलीवरची भांडी घेऊन मोरीत उकिडवे बसले. आई उंबऱ्याशी उभी होती. तिचे चिंध्या बांधलेले हात तिने पोटाशी धरले होते. शेजारची बाई विहिरीवर येताना दिसली, तशी आई पटकन म्हणाली, "दार लावून घ्या."

बाबांनी पायाने मागलं दार लोटलं.

आईचा विरोध त्यांच्या कामाला नव्हता, कोणी बघेल याला होता. काकालाही ते अजिबात आवडलं नाही. वखारीत कोणी विचारलं तर मी काय सांगू, असं तो म्हणाला. बाबांनी त्याला विचारलं, की तुझं ताट कोण घासतं ते वखारीत कोणी विचारतं का. काका कामावर गेला आणि पुढे काही दिवस बाहेरच जेवून येत होता.

मी शाळेत जायला लागले. पहिल्या दिवशी मला वर्गात डुलकी लागली.

बाबांनी यंत्र थोडेच दिवस चालवलं. एका सकाळी ते बादल्या ओतता ओतता थांबले, तोटी उघडून सगळं पाणी सोडून दिलं आणि टोपलीतली भांडी मोरीत आणून राखेने घासली. पाणी ओढून तापवण्यात गेला तेवढ्या वेळात ती कधीच घासून झाली असती, असं म्हणाले. पुढे त्यांनी मोटर काढून गिरणीत पाखडणीच्या पंख्याला लावली आणि पिंप तांदूळ ठेवायला आईला दिलं. त्याबद्दल त्यांना वाईट वाटलं असेल. पण ते बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. माझ्याशी एकदाच बोलले. मी शाळेचं दप्तर भरत होते आणि ते मोरीत कढई खरवडत होते. म्हणाले, "गिरणीत पट्टा तुटला की काम थांबतं. हे थांबतच नाही गं कधी. आत्ता संपलं म्हणेपर्यंत दुपार होते."

ते भांडी चांगली घासत नसत. कढईचं बूड काळंच राही, पेल्यांच्या कडांना चहाचे डाग दिसत. आई ती पुन्हा उजेडात धरून बघायची आणि ठेवून द्यायची. कधी कधी तिला राहवत नसे, मग ती चिंध्या सोडून एखादं पातेलं पुन्हा घासायची आणि रात्रभर हात चोळत बसायची. त्यावरून दोघांचं वाजायचं. ती म्हणायची, हे माझं काम होतं, ते तुम्ही घेतलंत आणि ते नीट होत नाही. बाबा म्हणायचे, मग तुझे हात नीट कर.

काका काही दिवसांनी पुन्हा घरी जेवायला लागला. पण जेवण झालं की आपलं ताट आपण विसळून ठेवू लागला. त्याचं लग्न झाल्यावर तो वेगळा राहायला गेला. त्याच्या घरी त्याने कधी ताट उचललं असेल असं वाटत नाही.

आईचे हात कधी पूर्ण बरे झाले नाहीत. उन्हाळ्यात कातडी भरून यायची, पावसाळ्यात पुन्हा फाटायची. बाबांनी सकाळची भांडी सोडली नाहीत. संध्याकाळची मी घासत असे, सुट्टीच्या दिवशी सगळी. मी मॅट्रिक झाले. पेढे वाटायला आई आळीत गेली तेव्हा शेजारणीने तिला विचारलं म्हणे, पोरगी शाळेत आणि तुझे हात असे, मग तुमच्याकडची भांडी होत कशी होती. आईने सांगितलं, होत होती. पुढे मी ट्रेनिंग केलं आणि पनवेललाच प्राथमिक शाळेत लागले. मुलींच्या वर्गात कोणी उशिरा आली तर मी तिला बाहेर उभं करत नसे. बसून घे म्हणत असे.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक संध्याकाळ आठवते. मी शाळेतून आले तेव्हा आई आणि बाबा पडवीत बसले होते. बाबांची गिरणीतली पाळी संपली होती, केसांत भाताचा कोंडा तसाच होता. आईने हातांना खोबरेल लावून ते मांडीवर पसरून ठेवले होते. मोरीत दुपारची भांडी पडलेली आत येतानाच दिसली. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. दिवसभर उभं राहून माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. दिवेलागण झाली तरी आम्ही तिघं तशीच बसून होतो. आळीतून एक बैलगाडी गेली, ती वळेपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत राहिलो. भांडी नंतर झाली असतील. कोणी घासली ते मला आठवत नाही.