नाव तेवढं माझं

तुम्ही म्हणे पूर्वी रेडिओसाठी विनोदी लिहायचे, असं कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लिहायचो नाही हो. एकदा लिहिलं. आणि जे लिहिलं ते रेडिओवर लागलं नाही, जे लागलं ते मी लिहिलं नाही. एवढी सरळ गोष्ट, पण ती सांगितली की समोरचा खो खो हसतो. त्याला वाटतं, लेखक विनोदी आहे, गंमत करून राहिला.

विनोद मी काही पुस्तकातून शिकलो नाही. भातकुलीच्या पलीकडे आमचं गाव. थोडी काळी जमीन, एक बैलजोडी. बा शाळेच्या पायरीलाही शिवला नव्हता, पण पोळ्याच्या दिवशी अख्खं गाव त्याच्या तोंडाकडे बघायचं. आमच्याकडे तोरणाखाली बैल उभे केले की झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी, त्यात गावातल्या कुणाची तरी हजामत, आणि तीही त्याच्या तोंडावर. आमचा पाटील कंजूष. तर बा त्याच्या समोर उभा राहून, घसा खाकरून, खणखणीत आवाजात म्हणायचा,

पाटलाच्या घरी दिव्याची रोशनाई,
चहाले बोलावते, त्यात दूध काई नाई,
हर बोला, हर हर महादेव!

पाटील सगळ्यांच्या आधी हसायचा. हसावंच लागायचं. त्या दिवशी राग धरायचा नाही अशी गावाची रीत होती. उलट ज्याच्यावर झडती झाली नाही तो माणूस तोंड पाडून बाच्याकडे यायचा, "काहून बाप्पा, मी का मेलो का?" म्हणून भांडायचा. नावं ठेवणं म्हणजे मान देणं, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालो. साऱ्या जगाची रीत हीच असणार असं मला वाटायचं. आता हसा.

अमरावतीला कॉलेजात असताना गॅदरिंगसाठी मी छोटी छोटी प्रहसनं लिहिली. मुलं बाकं बडवायची, शिट्ट्या मारायची, आणि मला वाटायला लागलं की आपल्या हातात कला आहे. पुढे अकोल्याला शाळेत मास्तरची नोकरी लागली. साठ साल उलटलं होतं. तेव्हा टीव्हीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. जे काय होतं ते रेडिओ. संध्याकाळी नाटुकलं लागायचं, आणि सुरू होण्याआधी निवेदक सांगायचा, लेखक अमुक अमुक. ते अमुक अमुक मला व्हायचं होतं. खोटं कशाला सांगू, पैसा नको होता, पदक नको होतं. आमच्या ग्रामपंचायतीनं नवा रेडिओ घेतला होता, त्याचा कर्णा देवळासमोरच्या लिंबावर टांगला होता. त्या कर्ण्यातून माझं नाव यावं आणि ते बानं ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

पण नवख्या माणसाला रेडिओवर दार कोण उघडणार? अकोल्यात एक हौशी नाटक मंडळी होती, तिची तिथे वट होती. मंडळीचे प्रमुख एक वकीलसाहेब. माणूस शुद्ध बोलायचा, शुद्ध हसायचा, आणि तालमीला आरामखुर्चीत बसून डोळे मिटून ऐकायचा. डोळे मिटले की हळूच घोरायचाही. प्रसंग संपला की जागा होऊन म्हणायचा, "वा, सुंदर! पुन्हा एकदा घ्या." सगळे माना डोलवायचे. मीही वर्षभर माना डोलवल्या. सतरंज्या घातल्या, पडद्यामागून वाक्यं सांगितली, आजारी नटाच्या जागी उभा राहिलो. वर्षानंतर वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही लिहिता म्हणे. आणा बघू काहीतरी."

मी 'साक्षीदार' लिहून नेलं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात एक शेतकरी साक्षीला येतो. त्याला सांगतात, खरं तेच बोल. तो खरंच खरं बोलायला लागतो, तोंडावर. शिपायाला त्याचं खरं सांगतो, कारकुनाला त्याचं, दोन्ही वकिलांना त्यांचं, आणि शेवटी जज्जसाहेबांकडे वळतो तेव्हा जज्ज घाईघाईनं तारीख देऊन उठतात. तो शेतकरी म्हणजे माझा बा. तसाच घसा खाकरणारा, तसाच कुणाच्या बापाला न भिणारा. मंडळीतल्या एका कापडदुकानदाराला नकला फार छान यायच्या. तो म्हणाला, हे काम मीच करणार. वकीलसाहेबांनीही मान हलवली. "नेऊ या रेडिओवर," म्हणाले. त्या दिवशी मी शाळेत चौथीच्या पोरांना उगीचच सुट्टी दिली.

पोराचं नाटक बसवून राहिले म्हटल्यावर बाला कुठला धीर! संत्र्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन एसटीनं अकोल्याला हजर. तालमीच्या जागी दाराबाहेर चपला काढल्या, वकीलसाहेबांना वाकून रामराम केला आणि भिंतीला टेकून बसला. सगळी तालीम त्यानं पाहिली, आणि वकीलसाहेबांचं घोरणंही पाहिलं. मग कुणीतरी हौसेनं म्हणालं, "बाबा, तुम्ही झडत्या म्हणता ना? होऊन जाऊ द्या एक!"

 मी बाला थांबवलं नाही. का थांबवणार? एवढ्या मोठ्या माणसावर पहिली झडती, म्हणजे केवढा मान! बा उठला, टोपी नीट केली, थेट वकीलसाहेबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि खाकरला.

अकोल्याचे वकील, मोठे ग्यानी,
डोये मिटून आयकते दुसऱ्याची कहानी,
घोरते असे का खटला हाले,
जागे झाले का इचारते, कोन जिंकून गेले?
हर बोला, हर हर महादेव!

 एकाला हसू फुटलं आणि अख्खी मंडळी लोळायला लागली. वर्षभराचं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. वकीलसाहेब तेवढे हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, आमच्याकडची रीत आहे, मानाच्या माणसावरच म्हणतात." ते म्हणाले, "हो हो. लोककला. छान." आणि बाला चहा सांगितला. चहात दूध भरपूर होतं. बा खूश होऊन गावाला गेला, आणि वकीलसाहेबांवर म्हटलेली झडती त्यानं घरोघर ऐकवली. गावातल्या पोरासोरांना पाठ झाली ती.

ध्वनिमुद्रण नागपूरला होतं. मंडळी मोटारीनं निघाली. मी शाळेतून रजा काढून, धुतलेला सदरा घालून हजर, तर वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? लेखकाचं तिथे काम नसतं. आणि गाडीत जागाही नाही." मागच्या सीटवर त्यांचा मेहुणा बसला होता, त्याचं तिथे काय काम होतं ते त्याचं त्याला ठाऊक. मी मोटारीला हात करून परत आलो. परत येताना वाईट वाटलं नाही हे विशेष. मनात म्हटलं, गाडीत जागा नसेना का, रेडिओत तर आहे.

ज्या संध्याकाळी नाटुकलं लागणार होतं त्या दिवशी मी गावी गेलो. देवळासमोर ही गर्दी! बायाही ओट्यांवर येऊन बसलेल्या. बानं अंगात नवी बंडी घातलेली, आणि जो येईल त्याला तो "बस ना लेका, अजून टाइम हाये" म्हणून स्वतःच्या घरचं लग्न असल्यासारखा बसवून राहिला होता. मायनं डोळ्यांना पदर आधीच लावून ठेवला होता. कर्णा खरखरला. निवेदक म्हणाला, साक्षीदार, आणि मग लेखक म्हणून माझं नाव. आडनावासकट, स्पष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बानं माझ्याकडे पाहिलं. तसं त्यानं माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

मग नाटुकलं सुरू झालं, आणि मला कळेना हे कुणाचं चाललंय. शेतकरी साक्षीला आला तो दारातच ठेचकाळला. कोर्टाला त्यानं देऊळ समजून नारळ मागितला. आपलं शेत कुठल्या बाजूला तेही त्याला सांगता येईना. तो झोपत होता, घोरत होता, दचकून उठून आपल्याच विरुद्ध साक्ष देत होता. वकील मात्र हुशार, शुद्ध बोलणारा, त्याला शहाणपण शिकवणारा. आणि त्या मूर्खाचा आवाज बाचा होता. तेच खाकरणं, तीच "बाप्पा" म्हणायची तऱ्हा. नकल्या दुकानदारानं भिंतीला टेकून बसलेल्या बाला नीट टिपून घेतलं होतं. शेवटी वकील त्याला म्हणतो, स्वतःबद्दल काही बोल. तर तो खाकरतो आणि म्हणतो,

आमी वऱ्हाडी गडी, मोठे ग्यानी,
डोये मिटून आयकतो कोर्टाची कहानी...

बाचीच झडती. पोरासोरांना पाठ असलेली. फक्त वकिलाच्या अंगावरची काढून बाच्या अंगावर घातलेली. कर्ण्यातून हसण्याचा गडगडाट आला. देवळासमोर कुणी हसलं नाही. सगळे बाच्याकडे बघत होते. मी ताडकन उठलो. ओरडून सांगणार होतो, हे माझं नाही, हे त्या हरामखोरांनी बदललंय! तोंड उघडणार तोच बानं माझं मनगट धरलं. आवळूनच धरलं म्हणा ना. आणि मोठ्यानं हसायला लागला. "बरा केला रे माया तमाशा!" म्हणून लोकांकडे बघत मांडीवर थाप मारली. मग लोकही हसले. हसावंच लागलं त्यांना.

घरी आल्यावर मायनं मला धारेवर धरलं. "काहून रे, बापाले येडा करून गावाले दाखवलं? यासाठीच शाळा शिकवली का तुले?"

"माय, शप्पथ, मी नाई लिहलं ते. त्यायनं बदलवलं. मी उद्याच गावाले सांगतो."

"कोनाले काई सांगायचं नाई," बा म्हणाला. तो बंडीचे बंद सोडत होता. "रेडिओनं नाव कोनाचं घेतलं?"

"माझं."

"मंग? नाई लिहलं मनशीन तं लोक मनतीन, नावई खोटंच हाये. मी येडा झालो तं झालो. एका दिवसाचं हाये. तुयं नाव काहून घालवतं?"

मी वाद घातला, रडलोही. बा ऐकेना. दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन मी वकीलसाहेबांच्या दारात उभा राहिलो. चप्पल काढून हाणावी असं रस्ताभर मनात होतं. ते गादीवर बसून पान लावत होते. "थोडं संपादन केलं," म्हणाले. "रेडिओला असंच लागतं. पण तुमचं नाव ठेवलं हं आम्ही, काढलं नाही. लोकांना तो गावंढळ फार आवडलाय. त्याच्यावर अजून लिहा, दर महिन्याला घेऊ." वर्षभर मी ज्याच्यासाठी सतरंज्या घातल्या ते दार सताड उघडलं होतं. माझं नाव काढून टाका, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आणि ते मला उच्चारता येत नव्हतं, कारण त्या नावासाठी बा काल गावासमोर हसला होता. मी जिना उतरलो. त्या मंडळीचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. विनोदाची एक ओळही त्यानंतर लिहिली नाही.

गावानं बाचं नाव 'साक्षीदार' पाडलं. तो त्या नावाला ओ द्यायचा. पुढच्या वर्षी बहिणीची सोयरीक बघायला आम्ही अचलपूरला निघालो होतो. एसटीत शेजारच्या गावचा एक माणूस बसला होता. बाला ओळखून तो म्हणाला, "काहो, तुमीच का ते रेडिओतले येडे साक्षीदार?" सगळी एसटी वळून बघायला लागली. मी खिडकीकडे तोंड केलं.

"व्हय, मीच तो येडा," बा म्हणाला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाला, "आन् लिहनारा हा माया पोरगा."