तीन काप आणि बस

आर्लिस ट्वेटला कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही. बिटाच्या शेतावर वाढलेली बाई. आमच्या गॅस कंपनीत फोन घ्यायला लागली आणि एक दिवस जुन्या मालकाने तिच्या टेबलावर एक खोकं आणून ठेवलं. म्हणाला, "तुला टायपिंग येतं ना, मग हेही येईल." आलं. उत्तर मिनेसोटातल्या नऊशे घरांच्या, घर तापवायच्या गॅसच्या टाक्या एकतीस हिवाळे तिच्या प्रोग्रॅमवर भरल्या गेल्या आणि एक घर गारठलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्या शहाण्याबद्दल सांगायचंय त्याने आयुष्यात बादलीसुद्धा भरलेली नसेल.

मी अकरावीत शाळा सोडली. सगळे म्हणाले, पोरगी वाया गेली. आर्लिसने एवढंच विचारलं, "एका जागी बसता येतं का तुला?"

"नाही."

"मग उभ्याने शिक."

चार वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर आहे. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझे हात शिवशिवतात.

तिने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं ते हे. ड्रायव्हर टाकी भरून झाली की गाडीतूनच एक ओळ पाठवतो. गिऱ्हाइकाचा नंबर, नाव, पत्ता, शेरा, मध्ये कॉमा. ती ओळ कापून चार तुकडे करायचे आणि चार खणांत टाकायचे. कॉमा दिसला की काप, इतकं सोपं. पण आमचे ड्रायव्हर एकटे असतात दिवसभर, शेऱ्यात सगळं मन मोकळं करतात. गॉर्डीचा एक शेरा मला पाठ आहे: "गेट गोठलंय, मागून जा, कुत्रा चावत नाही पण पायात येतो, आजीने लेमन बार्स दिले, नाही म्हणू नका." आता काप कॉमा दिसेल तिथे, आठ तुकडे होतील. म्हणून आर्लिसने तिच्या ओळीत एक आकडा टाकला होता. तीन. तीन वेळा कापायचं आणि हात थांबवायचा. उरलं ते सगळं शेरा, त्याला सुरी लावायची नाही.

"माणूस शेवटी बोलतो ते कामाचं असतं," ती म्हणायची. "पहिल्यांदा तर सगळे हवामानच सांगतात."

जुना मालक गेला, जावई आला. कर्टिस. हा माणूस टाकीवर थाप मारतो आणि मान डोलावतो, जणू टाकी त्याला काही बोलली. त्याने मिनियापोलिसहून सल्लागार आणला, ब्रेडन व्हिटलॉक. पातळ बूट घालून जानेवारीत आला. यावरून काय ते समजा.

सोमवारी मीटिंग. ब्रेडनने आर्लिसचा प्रोग्रॅम भिंतीवर दाखवला आणि हसला. "हा तीन कशाला? कुणाला माहितीय?"

"ड्रायव्हर लांब लिहितात," आर्लिस म्हणाली.

"मग त्यांना सांगा आखूड लिहायला." त्याने तीन पुसला. "सगळीकडे कापायचं, चौथा तुकडा घ्यायचा. स्वच्छ."

"आणि पाचवा?" मी विचारलं.

"पाचवा नसतोच."

"नऊशे घरांत नसतो? कोण म्हणालं, तुझे बूट?"

कर्टिस म्हणाला, "पोरी, जरा नीट." मग आर्लिसकडे वळून, "तुला चालेल ना?"

इथे आमच्या लोकांचा रोग सांगते. तोंडावर नाही म्हणायचं नाही. घर पेटलं तरी म्हणतील, जरा ऊब वाटतेय. आर्लिसने कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "बघू या." झालं, कर्टिसने हो समजून घेतलं. नवा प्रोग्रॅम आला म्हणजे तिचं काम संपलं, म्हणून शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला, केकची ऑर्डर गेली. तोवर गाड्यांच्या यादीला आणि ड्रायव्हरांच्या रेडिओला हात लावायचा नाही, असं तिला सांगितलं. एकतीस वर्षं ती यादी चालवणाऱ्या बाईला.

गुरुवारी पारा शून्याखाली तीस. मी रागाने जुन्या प्रोग्रॅमची यादी काढली, नव्याशेजारी ठेवली आणि एकेक नाव ताडत बसले. मला त्या बुटांना तोंडावर पाडायचं होतं, दुसरा काही उदात्त हेतू नव्हता. बावन्नावं नाव टोइवो लाहती. जुन्या यादीत आहे, नव्यात नाहीच. टोइवो चौऱ्याऐंशी वर्षांचा, जंगलाच्या कडेला एकटा. त्याचा शेरा असा होता: "काटा चाळीसवर, अडकलाय, खरा मानू नका, दर दहा दिवसांनी भरा."

ब्रेडनच्या सुरीने काय ठेवलं? "काटा चाळीसवर." टाकी जवळजवळ अर्धी, घाई नाही. मेलेल्या काट्यावर विश्वास ठेवून यंत्राने म्हाताऱ्याला पुढच्या महिन्यात ढकललं होतं. शेवटचं भरल्याला बारावा दिवस होता.

मी ब्रेडनला कागद दाखवला.

"चाळीस टक्के आहे ना," तो म्हणाला. "सिस्टिम सांगतेय."

"सिस्टिमला तूच अर्धं ऐकायला लावलंयस, गाढवा."

"मी हे ईमेलमध्ये घेतो."

घे. मी टोइवोला फोन लावला. खूप वेळाने उचलला.

"गॅस आहे का?"

"असेल की. काही त्रास नाही."

"घरात गार आहे?"

"जरासं. कोट घातलाय."

"किती कोट?"

मग म्हणाला, "दोन. पण तुम्ही कामात असाल."

आर्लिस माझ्या मागे उभी होती. तिने रेडिओ उचलला, ज्याला हात लावायचा नव्हता तोच. "गॉर्डी, आहेस तिथून वळ. टोइवोकडे. आत्ता." मग स्वतःचा कोट घातला, माझा माझ्या अंगावर फेकला.

आम्ही पोचलो तेव्हा गॉर्डीने नळी जोडलेली होती. टाकी कोरडी ठणठणीत, काटा चाळीसवर. स्वयंपाकघरातला नळ फुटून बर्फाची दाढी लोंबत होती. टोइवो घरात नव्हता. मी खोल्या धुंडाळायला लागले. आर्लिस मात्र सरळ मागच्या अंगणात गेली. तिथल्या सौनाच्या, म्हणजे लाकडं जाळून घाम काढायच्या खोपटाच्या, धुराड्यातून धूर येत होता. लाकडं पेटवून म्हातारा आत बसला होता, दोन्ही कोट मांडीवर, फोन टॉवेलमध्ये गुंडाळलेला. लाकडं दोनच उरली होती.

"उगाच आलात," तो म्हणाला. "उद्या केलाच असता फोन."

"माहितीय," आर्लिस म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली. एवढी रागावलेली मी तिला कधी पाहिली नाही, आणि आवाज जराही चढला नाही. "ऊठ. घर तापतंय. मी ओव्हनमध्ये हॉटडिश लावते."

शुक्रवारी केक आला. ब्रेडन म्हणाला, डेटा अस्वच्छ होता. कर्टिसने आर्लिसला बाजूला घेतलं. "महिनाभर थांबशील का? एवढं दुरुस्त करायला?"

"नाही," ती म्हणाली. सरळ. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मग खुर्चीवर बसली, तो आकडा परत टाकला, एवढंच दुरुस्त करायचं होतं, आणि कोट घेतला.

मीही कोट घेतला. "मी पण चालले."

"तू कुठे? बस."

"या दोघांसाठी? मेले तरी नाही."

"यांच्यासाठी कोण म्हणतंय? टोइवोचा काटा अजून अडकलेलाच आहे."

ती केकचा तुकडा न घेताच गेली. मी तिच्या खुर्चीत बसले. बसून राहता येत नाही मला, तरी बसले. तासाभराने ब्रेडन मागे येऊन उभा राहिला. त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा पुन्हा कुणी टाकला?"

"बोट काढ," मी म्हटलं, आणि रेडिओवर गॉर्डीला टोइवोसाठी दहाव्या दिवसाची, पुढच्या रविवारची वेळ दिली.