परण्यातला लाल दिवा

आमच्या भावकीत नवरदेव घोड्यावर बसत नाही, आबांच्या जीपमध्ये बसतो. आबा म्हणजे माझे वडील, आणि जीप म्हणजे त्यांनी ऐन उमेदीत घेतलेली डिझेलची गाडी. तिचा वरचा टप काढून आजवर घराण्यातल्या प्रत्येक पोराचा परण्या निघाला. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पारापर्यंत न्यायचं, पाया पडायला लावायचं आणि तिथून मांडवात आणायचं. एकदा तो चढला की मारुती येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, असाही एक नियम कुणीतरी काढून ठेवलाय. काढणारा आज हयात नाही. असता तर त्याला मी बॉनेट उघडून आत डोकं घालायला लावलं असतं.

कारण डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा कितीतरी दिवस माझं रक्त आटवत होता. गार इंजिनाला काही नाही. किल्ली फिरवली की दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. पण इंजिन तापलं आणि गाडी उभ्या उभ्या गुरगुरत राहिली, की पुन्हा लुकलुकायला लागायचा. जालन्याच्या मेकॅनिकनं आधी सेन्सर बदलला, मग जाड ऑइल टाकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तिसऱ्या खेपेला, जणू मी पहिल्यांदाच आलोय अशा थाटात म्हणाला, "बेरिंगा झिजल्यात. इंजिन खोलावं लागंल, पण याचं सामान आता भेटत न्हाई. उभ्यानं तापू देऊ नका. खडखड आली तर जागेवर बंद करा, न्हाईतर इंजिन जाम."

गावात जो तो म्हणायचा, "ऑइल कमी झालं आसंल, टाक की लिटरभर!" अहो, ऑइल काठोकाठ आहे, प्रेशर नाही! विहिरीत पाणी असून पाइप जागोजागी गळत असला, तर शेवटच्या मोसंबीला थेंब पोचत नाही, तसं आहे ते. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तरी टाकून बघ."

गाडी गेली तर जाऊ दे म्हणायला माझी हरकत नव्हती. पण आबांचं काय करायचं? गुडघ्यांमुळे त्यांना मोटारसायकलवर टांग टाकता येत नाही. कारची सीट इतकी खाली की उठवायला दोघं लागतात. जीपची सीट मात्र बरोबर त्यांच्या मापाची. दांडी धरायची, वळायचं, बसायचं. रोज सकाळी मी त्यांना मोसंबीच्या बागेत सोडायचो आणि दुपारी घेऊन यायचो. बागेत ते काम काही करत नसत, बाजेवर बसून गड्यांना शिव्या देत. पण त्या शिव्यांवर त्यांचा दिवस निघायचा. जीप बंद पडली तर आबा घरात, भिंतीकडे तोंड करून पडून राहणार. त्याची मला खरंच भीती वाटत होती.

म्हणून चुलतभाऊ पोराच्या परण्यासाठी गाडी मागायला आला, तेव्हा मी साफ नाही म्हणालो.

"काहून रे भौ? माझ्याच पोराच्या टायमाला गाडी बिमार पडली का?"

मी विहीर, पाइप, मोसंबी सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकत माझं होता आणि बघत आबांकडे होता.

"गाडी येईल," आबा म्हणाले. "मी बी येतो. म्होरं बसतो."

झालं! घरात माझं चालतं कुठे? मी फक्त गाडी चालवतो.

वैशाखातलं ऊन, पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारी पोरं आणि मागे मुंगीच्या पावलानं आमची जीप. शाळेपाशीच दिवा लुकलुकला. मी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन जोरात फिरलं की प्रेशर थोडं वाढतं. दिवा विझला, पण पोरांना वाटलं, काका रंगात आले! "काका, होऊ द्या!" म्हणत ती दुप्पट नाचायला लागली. पुन्हा दिवा लागला, पुन्हा मी रेस केली, पुन्हा शिट्ट्या. मी घाबरत होतो आणि त्यावर गाव नाचत होतं.

"आत्ता कसं!" चुलतभाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला. "उगं नखरे करून राह्यल्ता."

"पोरांना जल्दी पुढं घे! गाडी जाईल."

"एक गाणं. बस, एकच."

लग्नातलं एक गाणं कधी संपतं का?

दिवा आबांनाही दिसत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. फेटा सावरत, समोर बघत ते म्हणाले, "चालू दे. शब्द देल्ता मी."

डीजेच्या दणदणाटात खडखड ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती मला तळपायातून कळली. आता रेस करूनही दिवा विझेना. मी इंजिन बंद केलं.

डीजे चालूच असल्यामुळे आधी कुणाच्या लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा चुलतभाऊ माझ्या अंगावरच धावून आला.

"परण्यात गाडी बंद केली? माझ्या पोराला अपशकुन करून राह्यला तू?"

"चाकं फिरतात ना? मग ढकला!"

"नवरदेवाला ढकलत न्यायचं?"

मी किल्ली खिशात घातली. आता देवानं सांगितलं असतं तरी मी ती काढली नसती.

तेवढ्यात शेजारची सीट हलली. आबा दांडी धरून खाली उतरले होते. हातात काठी नाही, कुणाचा आधार नाही. जीपच्या कडेवर हात ठेवून म्हणाले, "ढकला रे. गाडी थकली, मी हाये ना. मी चालतो संगं."

"आबा, वर बसा!" मी ओरडलो. "तुमच्यासाठीच बंद केली मी!"

त्यांनी ऐकलं नाही. थोरला माणूसच चालायला लागल्यावर भावकी काय बोलणार? सगळे मागून ढकलायला लागले. मी, चांगले धडधाकट पाय असलेला माणूस, स्टेअरिंग धरून बसलेलो आणि आबा जीपच्या कडेनं लंगडत. मला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. पाराशी पोचल्यावर त्यांनी नवरदेवाला स्वतः हात देऊन उतरवलं.

सकाळी मी नेहमीसारखी जीप दारात लावली. दिवा विझलेला, खडखड नाही. इंजिन वाचलं होतं. आत गेलो तर आबा अंथरुणातच, दोन्ही गुडघे टम्म सुजलेले.

"लाल लाईट गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"ब्येस झालं. मंग बागेत जाय तू."

त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाहेर जीप गुरगुरत उभी होती. तापायच्या आत मी ती बंद करून टाकली.